उभी गाडी

नागपुरात ऋतू बदलला की उंदरांचं बिऱ्हाड बदलतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या लेआऊटमधली काळी जमीन फाटते. ही कापसाची माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे दर उन्हाळ्यात कंपाउंडच्या भिंतीखाली हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उंदरांना आयती बिळं मिळतात. त्याच दिवसांत घरोघरी खिडक्यांना कूलर लागतात, त्यांच्या टाक्या थेंब थेंब गळत राहतात. पारा ४५च्या वर गेलेला असताना कूलरखालच्या त्या ओल्या जागेवर रात्री कोण कोण पाणी प्यायला येतं, ते एकदा टॉर्च घेऊन बघावं. पुढे पहिला मोठा पाऊस झाला की बिळांत पाणी शिरतं आणि सगळी वस्ती वर येते. पोर्च, जिन्याखालची जागा, मीटरची पेटी, जिथे कोरडं असेल तिथे. ऑक्टोबरात कूलर बंद होतात, पण त्यांच्या बाजूंना लावलेल्या ताट्यांतलं वाळलेलं गवत वर्षभर तसंच राहतं. घरटं करायला याहून चांगलं सामान नाही.

आणि मग थंडी येते. आमची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण डिसेंबर २०१८च्या शेवटी इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री कुणी बाहेरून येऊन गाडी लावली की तिचं इंजिन पुढचे काही तास कोमट राहतं. वरून झाकण, खालून बरंचसं उघडं, आत वायरी आणि नळ्यांची दाटी. मोठ्या मांजराला त्या दाटीत उंदराचा पाठलाग करणं कठीण, कुत्र्याचं तोंड पोचत नाही. उंदराने ती जागा निवडली यात नवल नाही.

तरी रोज चालणाऱ्या गाडीत उंदीर फार तर रात्रीचा पाहुणा असतो. सकाळी इंजिन धडधडलं, पंखा फिरला की तो निघून जातो. संसार मांडतो तो उभ्या गाडीत. आणि आमच्या लेआऊटमध्ये उभ्या गाड्या दरवर्षी वाढताहेत.

प्रतापनगरकडचा हा जुना लेआऊट. नोकरीत असताना लोकांनी प्लॉट घेतले, कर्ज काढून घरं बांधली, पुढे पोर्च काढला. आता निम्म्या घरांत नवरा-बायको दोघंच आहेत, काही घरांत एकच माणूस. मुलं पुण्यात, बंगळुरात, काही त्याहून दूर. गुडघे दुखतात, रात्री समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून गाडी चालवणं हळूहळू थांबतं. ऑटो मिळतो, मोबाइलवरून टॅक्सी येते, काही अडत नाही. पण गाडी विकायची नसते. दिवाळीत मुलं येतील तेव्हा विमानतळावर जायला हवी, नातवाला फुटाळा तलावावर न्यायला हवी. मधले सगळे महिने ती कव्हर घालून उभी. वरून कव्हर म्हणजे उंदराला आणखी एक छप्पर, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंची गाडी अशीच उभी होती. काका गेले आणि ती पोर्चमधून हलली नाही. काका होते तेव्हा दर रविवारी सकाळी चहानंतर बॉनेट उघडायचे. ऑइलची पट्टी काढून पुसायची, पाणी बघायचं, जुन्या बनियनने बॅटरीची टोकं पुसायची, मग काकूंना बसवून तेलंगखेडीच्या हनुमान मंदिराकडे एक चक्कर. त्यांच्याकडे उंदराचा त्रास कधीच नव्हता, आणि तेव्हा आम्ही म्हणायचो की काकांच्या अंगणात उंदीर नाहीतच. उंदीर तेव्हाही होते. दर आठवड्याला कुणीतरी बॉनेट उघडतं, जागेवर उजेड पडतो, माणसाचा वास राहतो, इंजिन तापतं, गाडी हलते, एवढ्याने तिथे घर करणं त्यांना परवडत नव्हतं. हे मला काका गेल्यावर समजलं. उशिरा समजलेल्या गोष्टी जास्त आठवणीत राहतात.

मुलगा येणार म्हणून काकूंनी मिस्त्रींना बोलावलं, आणि मी सोबत उभी होते. बॉनेट वर गेलं तेव्हा आधी वास आला. मग कूलरच्या ताटीतलं गवत दिसलं, त्यात गुंफलेले दुधाच्या पिशवीचे तुकडे, बॉनेटच्या आतल्या पत्र्याला लावलेल्या अस्तराचा कापूस, बोराच्या बिया, संत्र्याची वाळून कडक झालेली सालं, कोंबडीचं एक हाड. बॅटरीच्या कडेला नीट गोल घरटं. मिस्त्रींनी टॉर्च आत मारला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काकू, हे पाहा," ते शेवटी म्हणाले, "इंजेक्टरच्या वायरी खाऊन टाकल्या ना यानं. हा सेन्सरचा वायर गेला. वायपरच्या पाण्याची नळी गेली. आणि हे पाहा, ही पेट्रोलची नळी. दात लागून राह्यले हिला, पण आरपार गेले नाहीत अजून. तुम्ही तशीच चालू केली असती तर?"

काकू म्हणाल्या, "मी कशाला चालू करते, मला येते कुठे?" आणि मग एकदम गप्प झाल्या. त्यांचा हात काकांनी बॉनेटच्या दांडीला बांधून ठेवलेल्या फडक्यावर होता. तेही कुरतडलेलं होतं.

पेट्रोलच्या नळीची गोष्ट मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. वायर तुटली की डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी धक्के खाते किंवा सुरूच होत नाही. खर्च होतो, पण माणूस वाचतो. नळीला भोक पडलं आणि शेजारी आवरण सोललेल्या दोन वायरी एकमेकींना भिडल्या, तर आग लागते. स्कूटरलाही हेच लागू आहे. सीटखालची रबरी नळी, एअर फिल्टरचा फोम आणि हेडलाइटच्या मागची पोकळी या तिन्ही जागा उंदरांना आवडतात. म्हणून महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी एकदम किल्ली फिरवून सुरू करू नये. आधी बॉनेट किंवा सीट उघडून बघावी, खाली जमिनीवर ओल आहे का, पेट्रोलचा वास येतो का ते पाहावं.

दुरुस्तीचं म्हणाल, तर एका गॅरेजने आधी पूर्ण हार्नेस बदलायला सांगितला होता, म्हणजे वायरींचा सगळा जुडगाच नवा. आमच्या मिस्त्रींनी एक एक वायर सोडवली, तुटलेली टोकं सोल्डर केली, वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवली आणि शेवटी जुडगा पुन्हा बांधला. साधा काळा टेप लावून दिलेला जोड नागपूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. टेपचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. ब्रेकशी संबंधित सेन्सरच्या वायरी मात्र त्यांनी जोडल्या नाहीत, नव्याच टाकल्या. विम्याचा काही उपयोग झाला नाही, कारण गाडी चालतच नाही म्हणून काकूंनी फक्त थर्ड पार्टी विमा ठेवला होता. स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येतच नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी उंदराने केलेल्या नुकसानीचं काय, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्यावं. दावा मंजूर झाला तरी खासगी कारला १५०० सीसीपर्यंत पहिले १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आपल्या खिशातून जातातच. आणि घरटं काढण्याआधी फोटो काढावेत.

घरटं काढताना मी मिस्त्रींना थांबवलं होतं, ते सांगायलाच हवं. ते सवयीने हवेचा पंप आत मारायला निघाले होते. उंदरांची लेंडी आणि वाळलेली लघवी अशी हवेत उडवू नये. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार पसरतो. शिवाय २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण किती वाढले होते ते इथल्या लोकांना आठवत असेल. तो आजार उंदरांच्या अंगावर आणि झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्याच्या पिलांच्या चाव्यातून होतो. म्हणून आधी हातमोजे आणि मास्क घालायचा, घरट्यावर साबणाचं किंवा जंतुनाशकाचं पाणी फवारायचं, ओलं झाल्यावर पिशवीत भरून तोंड बांधायचं. त्यानंतर पुसणंही महत्त्वाचं आहे. उंदीर वासाच्या वाटेने चालतात. एकाच्या लघवीचा वास दुसऱ्याला घरी आणतो. वायरी नव्या टाकल्या पण पत्रा पुसला नाही, तर पुढचं कुटुंब त्याच पत्त्यावर येतं.

मी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या वेळी बी.एस्सी.ला पांढऱ्या उंदराचं विच्छेदन असायचं, तेव्हा त्याचे पुढचे दात पहिल्यांदा जवळून पाहिले. वर दोन, खाली दोन. ते आयुष्यभर वाढतात, वर्षाला १० सेंटिमीटरहून जास्त. झिजले नाहीत तर वाकडे वाढत जातात, तोंड मिटत नाही आणि प्राणी उपाशी मरतो. एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, त्याच्या दाताच्या फक्त पुढच्या बाजूला असतं, त्यात लोह असल्यामुळे ते नारिंगी दिसतं. मागची बाजू मऊ असते, ती आधी झिजते, म्हणून दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप राहते. हे एनॅमल तांब्याहून कठीण आहे. वायरीचं त्याच्यापुढे काय चालणार?

नव्या गाड्यांच्या वायरींचं आवरण सोयाबीनपासून करतात म्हणून उंदीर ते खातात, असं हल्ली प्रत्येक जण सांगतो. अमेरिकेत या मुद्द्यावर गाडी कंपन्यांवर खटलेही भरले गेले. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. गाडीखाली बघितलं तर आवरणाचे तुकडे तिथेच पडलेले असतात. खाल्लेले नसतात, कुरतडून टाकलेले असतात. आणि सोयाबीनचं नावही नव्हतं त्या काळातल्या स्कूटरच्या वायरी उंदरांनी तेवढ्याच आवडीने तोडल्या होत्या, आमच्या बाबांची स्कूटर त्यातलीच. उंदराला दात झिजवायचे असतात, घरट्यासाठी जागा मोकळी करायची असते, आणि वायर त्याच्या तोंडाच्या मापाची असते.

सगळा दोष एकाच प्राण्यावर टाकणंही बरोबर नाही. गाडीत चढतो तो घरातला काळा उंदीर, उत्तम चढणारा. लहान चिमुकला उंदीर तर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून जातो. घूस जमीन पोखरते, भिंतीचा पाया पोकळ करते, पण वर चढायचा तिला कंटाळा. आणि पोर्चच्या कडेने चक-चक आवाज करत पळणारी ती चिचुंद्री उंदीरच नाही. ती झुरळं, किडे, गोगलगायी खाते आणि वायरीला तोंडही लावत नाही. लोक तिला वासामुळे हाकलतात, काठीने मारतात. मी आमच्या ओळीत सगळ्यांना तिचं लांब टोकदार तोंड दाखवलं आहे, आता निदान तिला कुणी मारत नाही.

काकूंच्या गाडीची बातमी पसरली आणि प्रत्येकाने आपापला उपाय काढला. तंबाखूची पानं जाळीत बांधून बॅटरीशेजारी ठेवायची, डांबरगोळ्या, फिनाइल, मिरी, बाजारातले फवारे. यांतले बरेचसे काही दिवस चालतात, कारण उंदीर कुठल्याही नव्या गोष्टीला आधी घाबरतो. नवा वास, नवी वस्तू दिसली की तो लांबून जातो. मग सवय होते. इंजिनच्या उष्णतेने वास उडून जातो आणि पानांचंच घरटं होतं. डांबरगोळ्या तर मी कुणालाही ठेवू देत नाही. तो वास एसीतून आत येतो, आणि ज्या लहान मुलांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटू शकतात. अशी कमतरता आहे हे पुष्कळ घरांत माहीतही नसतं.

काकूंनी भिवापुरी मिरचीचं तिखट फडक्यात बांधून ठेवायचं सुचवलं होतं. त्यांच्या सुचवण्यात शास्त्र आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडाला झोंबतं, पक्ष्यांना झोंबत नाही. होंडाकडे वायरींना गुंडाळायचा एक टेप आहे, त्यात हेच द्रव्य असतं. पण सुटं तिखट गरम इंजिनवर पडलं तर धूर होऊन आत येणार आणि चालवणाऱ्याचे डोळे चुरचुरणार, म्हणून ते टाळलं. आवाजाने उंदीर पळवणारं यंत्रही एकाने आणलं. माणसाला ऐकू न येणारा तो आवाज वस्तूंआड जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१मध्येच असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठांहून जास्त कंपन्यांना पत्र लिहून बजावलं होतं की शास्त्रीय पुरावा असल्याशिवाय असे दावे करू नका. तरी ती विकली जातात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. एका घराने बॉनेटमध्ये विषाचे केक ठेवले.

हे केक म्हणजे बहुधा ब्रोमाडायोलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात, आणि आतल्या आत रक्तस्राव होत राहतो. त्या दिवसांत तो सुस्त होतो, दिवसाउजेडी बाहेर पडतो, सहज सापडतो. कुणाला सापडतो? मांजराला, घुबडाला, धामणीला. म्हणजे उंदीर खाणारे जे आपल्याकडे फुकट राखणदार आहेत त्यांनाच. आमच्या लेआऊटमधली करड्या रंगाची मांजर हिरड्यांतून रक्त गळत गॅसच्या पेटीमागे बसलेली सापडली. जनावरांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, आसपास कुणी उंदराचं औषध ठेवलंय का? व्हिटॅमिन के हा त्यावर उतारा आहे, आठवडे आठवडे द्यावा लागतो. ती वाचली, कारण वेळेवर दिसली. आमच्या टाकीवर रात्री येऊन बसायचं ते गव्हाणी घुबड आजारी पडलं असतं तर कुणाला दिसणार होतं? विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडं मेल्याची नोंद कितीतरी देशांत आहे.

आणि ट्यूबमधून मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर कुणीही घरात आणू नये. तिने माणसाचं यकृत निकामी होतं, तिच्यावर उतारा नाही. पोळीच्या तुकड्याला लावून पोर्चमध्ये ठेवायची ती गोष्ट. सुट्टीत आमच्या प्रत्येक घरात नातवंडं येतात, रांगणारी असतात. एका वायरीसाठी हा धोका कुणी का पत्करावा, हे मी लेआऊटच्या बैठकीत विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि तो चढायलाच हवा होता असं मला आजही वाटतं.

गोंदाच्या पाट्याही आम्ही बंद केल्या. त्यावर चिकटलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो, स्वतःचे पाय कुरतडतो. चिमण्या, पाली, सरडेही चिकटतात. पिंजरा लावला तर उंदराचं पुढे काय करायचं याचा विचार आधी करावा. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवणं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. मारणं भागच असेल तर चांगल्या स्प्रिंगचा चाप क्षणात काम करतो. तो भिंतीला काटकोनात, अगदी चिकटून लावावा, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेनेच जातो. भिंतीवर त्याच्या अंगाचा तेलकट काळा पट्टा दिसतो, तीच जागा. सुरुवातीचे काही दिवस चाप न ताणता नुसतं भाजलेलं खोबरं ठेवावं. भीती मोडली की मग ताणावा.

पण मारून मारून किती मारणार? मादी एकवीस ते तेवीस दिवसांत पिलं देते, आणि ती पिलं काही महिन्यांतच स्वतः पिलं देण्याजोगी होतात. जागा आणि अन्न तसंच ठेवलं तर रिकाम्या बिळात शेजारचे येतात. सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला, त्या पहाटे खालच्या भागात घरांत पाणी होतं. नंतर कितीतरी दिवस कोरड्या राहिलेल्या वरच्या वस्त्यांत उंदीरच उंदीर दिसत होते. आपलं कुंपण त्यांना माहीत नाही. एकट्याने आपल्या गाडीला जाळी लावायची आणि शेजारच्या उभ्या गाडीकडे बघायचंही नाही, हे म्हणूनच चालत नाही. गाड्यांची ओळ एकत्र सांभाळावी लागते.

अन्नाचा प्रश्न नाजूक होता. आमच्याकडे गाईला पोळी आणि कुत्र्यांना भात गेटाबाहेर ठेवायची पद्धत आहे, आणि ती मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. काकूंची पोळी तर गाय आली नाही तर दिवसभर तिथेच असायची. आता सगळे सकाळीच देतात, समोर उभं राहून खाऊ घालतात, आणि दिवेलागणीच्या आत उरलंसुरलं उचलतात. ओल्या कचऱ्याच्या बादलीला झाकण आलं. कूलर उतरवताना ताट्या काढून टाकायच्या, टाकी उलटी करून ठेवायची. घरांच्या पाठीमागच्या गल्लीत विटा, फरश्यांचे तुकडे, जुनी कमोडं असं काय काय पडलेलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सगळी इडापिडा घेऊन जा म्हणत लोक ओरडतात, त्याच दिवशी सकाळी ती गल्ली साफ करायची असं ठरलं. पोरं ओरडत होती, घेऊन जा गे मारबत, आणि म्हातारी माणसं विटा मोजून एका कडेला रचत होती. फार दिवसांनी सगळा लेआऊट एका कामाला बाहेर आलेला पाहिला.

गाडीपुरतं सांगायचं तर काचेखाली जिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, त्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसवली. रेडिएटरसमोर जाळी घालू नये, इंजिन तापतं. गाडी लावताना एसीची हवा आतल्या आत फिरण्यावर ठेवायची, म्हणजे बाहेरच्या हवेचं दार बंद राहतं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा एसी फिल्टर अधूनमधून उघडून बघायचा; पुष्कळदा पहिली लेंडी तिथे दिसते. गाडीत शेंगदाण्याचं एक टरफलही ठेवायचं नाही. आणि गाडी भिंतीपासून, वेलीपासून, लाकडाच्या ढिगापासून जरा सुटी उभी करायची.

सर्वांत जास्त उपयोग मात्र गाड्या हलवण्याचा झाला. ज्यांच्याकडून चालवणं होत नाही त्यांच्या गाड्या आठवड्यातून एकदा कुणीतरी चालवायच्या, वीस-पंचवीस मिनिटं तरी. नुसतं उभ्या उभ्या इंजिन सुरू करून बंद करण्यात अर्थ नाही. बॅटरीही भरत नाही आणि घरटंही हलत नाही. यात अडचण किल्लीची. गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नसतं. काकू तर तयारच नव्हत्या. "यांनी कोणाला हात लावू दिला नाही कधी," एवढंच म्हणायच्या. मीही आग्रह केला नाही. पुढच्या गल्लीतली एक मुलगी, नुकतं लायसन्स मिळालेली, तिला सरावासाठी गाडी हवी होती. ती आली आणि काकूंना म्हणाली, "आजी, तुम्ही बाजूला बसा ना, मला सांगा आजोबा कशी चालवायचे." काकूंना चालवता येत नाही, पण इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून कुठल्या वळणावर काका गिअर बदलायचे, कुठे हॉर्न द्यायचे, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्या बसल्या. आता दर रविवारी दोघी तेलंगखेडीला जाऊन येतात. परत आल्यावर बॉनेट उघडायचं काम मुलगीच करते आणि काकू नवं फडकं घेऊन शेजारी उभ्या असतात. त्या परत आल्या की बोलत राहतात. काका गेल्यापासून त्यांना एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

काही घरांचं अजून जमलेलं नाही. ओळीच्या टोकाचं घर बंद असतं, मालक मुलाकडे गेलेले, पोर्चमध्ये पांढरी गाडी आणि तिच्यावर कव्हर. मी मुलाला फोटो पाठवले, गाडीखाली पडलेल्या वायरींच्या तुकड्यांचे. किल्ली अजनीला त्याच्या मावशीकडे आहे म्हणाला. ती शनिवारी आणायची आहे, रविवारी मिस्त्री येणार आहेत. त्याच्याकडून दुरुस्तीची परवानगी मी आधी लेखी मागवून घेतली, म्हणजे पैशांवरून नंतर कुणाचं मन दुखावणार नाही. कंपाउंडच्या भेगांचं काम एप्रिलमध्ये, माती पूर्ण फाटल्यावर करायचं आहे. भेगेत आधी स्टीलच्या जाळीचे बोळे ठासायचे आणि वरून सिमेंट, कारण नुसतं सिमेंट पुढच्या पावसात सुटतं. त्यासाठी वर्गणी गोळा करणं सुरू आहे.